बाबांनी कोर्टात दिलेलं उत्तर

बाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून अमेरिकेत, फ्रिस्कोला आमच्याकडे यायचे. आई गेल्यापासून एकटेच यायचे. मागच्या अंगणात मेथी लावायची आणि पक्ष्यांना दाणे घालायचे, हा त्यांचा इथला कार्यक्रम. गेली दोन वर्षं ते येऊ शकलेले नाहीत. यापुढे येतील असं वाटत नाही.

कारण म्हटलं तर पक्ष्यांचे दाणे. मोठ्या दुकानात आम्ही सामान घेत होतो. मी औषधांच्या रांगेत उभी राहिले आणि बाबांना म्हटलं, तुम्ही तोवर मशीनवर बिल करून टाका. त्यांनी सगळं नीट स्कॅन केलं. दाण्यांची पिशवी मात्र कार्टच्या खालच्या फळीवर होती, ती राहिली. दाराशी सिक्युरिटीवाल्याने अडवलं. मी पोहोचले तेव्हा पोलीस अधिकारी आलेला होता, आणि बाबा ताठ उभे राहून आपल्या हेडमास्तरी इंग्रजीत सांगत होते, "येस सर. आय टुक इट. इट इज माय फॉल्ट. आय ॲम रेडी फॉर पनिशमेंट."

मी मध्ये पडून म्हटलं, ते विसरले. पण माझं कोण ऐकतंय? बाबांचे शब्द लिहून घेऊन झाले होते. अटक वगैरे नाही, फक्त चोरीचं तिकीट, म्हणजे आरोपाचा कागद, आणि कोर्टाची तारीख.

बाबा तीस-एक वर्षं शाळेत हेडमास्तर होते. काच फुटली की मुलांना रांगेत उभं करायचे. ज्याने स्वतःहून कबूल केलं त्याला दोन शब्द सुनावायचे आणि वर्गात पाठवायचे. तिथे विषय संपायचा. गप्प बसणाऱ्याचं काही खरं नसायचं. जगातला प्रत्येक अधिकारी असाच वागतो, असं ते धरून चालले होते.

मी कामाला लागले. वकीलबाई शोधल्या, व्हिडिओवर भेट ठरवली, प्रश्न लिहून ठेवले. त्यांनी भराभरा सांगितलं. सिनेमात पोलीस "गप्प बसण्याचा तुम्हाला अधिकार आहे" असं म्हणतात, ते ताब्यात घेऊन चौकशी करताना. दुकानाच्या दारातल्या बोलण्याला ते लागू होईलच असं नाही, त्यामुळे बाबांचे शब्द त्यांच्याविरुद्ध वापरले जाऊ शकतात. तरीही चोरीचा इरादा होता हे सरकारला सिद्ध करावं लागेल, आणि विसरण्याला इरादा म्हणत नाहीत. दंड भरून मोकळं होणं म्हणजे गुन्हा मान्य करणं. गुन्हा लहान असला तरी चोरी हा शब्द व्हिसाच्या कागदांत वाईट दिसतो. पहिल्या तारखेला फक्त "नॉट गिल्टी" म्हणा आणि पुढची तारीख घ्या, तेवढ्यासाठी वकिलाने यायची गरज नाही. बाबा प्रत्येक वाक्याला आदराने मान हलवत होते. मी ते समजल्याचं चिन्ह मानलं आणि यादीत त्या कामापुढे खूण केली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना खरं काय ते कळलं.

"नॉट गिल्टी कसं म्हणू?" बाबा म्हणाले. "पिशवी बाहेर आणली ना मी?"

"आजोबा, इट्स नॉट लाइंग!" माझी मुलगी म्हणाली. तिला शाळेत तेव्हा इथल्या राज्यघटनेच्या दुरुस्त्या आणि त्यांतले आरोपीचे हक्क शिकवत होते. "दे हॅव टू प्रूव्ह इट. यू डोन्ट."

"तुझ्या पुस्तकात काहीही असेल गं. उद्या तूही काच फोडशील आणि म्हणशील, प्रूव्ह इट."

"आजोबा!" ती हसत सुटली. बाबाही हसले.

मी हसले नाही. मला सकाळची मीटिंग हलवायची होती. "बाबा, वाद नको. दोनच शब्द आहेत. म्हणायचे आणि घरी यायचं."

कोर्टात मी त्यांच्या शेजारी उभी राहायला गेले तर कारकुनाने मला मागे बसवलं. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी हक्क एकेक करून सांगितले: खटल्याचा, ज्युरीचा, गप्प राहण्याचा. दुभाषी हवा का, असंही विचारलं. नागरिक नसलात तर गुन्हा मान्य केल्याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो, हेही बजावलं. समजलं का?

"येस सर."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"गिल्टी, सर."

दंड भरून बाहेर आल्यावर बाबांचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. मी मात्र पार्किंगमध्येच त्यांच्यावर ओरडले. वकीलबाई म्हणाल्या, काही दिवसांत अपील करता येईल. बाबांनी सही करायला नकार दिला. एकदा दिलेलं उत्तर बदलणार नाही, म्हणाले. त्यावर आमचं पुन्हा वाजलं आणि अपिलाची मुदत निघून गेली.

पुढच्या वर्षी त्यांचा व्हिसा संपला. मुंबईतल्या मुलाखतीत खिडकीमागच्या अधिकाऱ्याने त्या केसबद्दल विचारलं. बाबांनी अर्थातच सगळं सांगितलं. व्हिसा नाकारला गेला. नेमकं कारण तेच की आणखी काही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

या हिवाळ्यात मी साताऱ्याला गेले होते. सकाळी आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो होतो. नातीचं ग्रॅज्युएशन मे महिन्यात आहे, त्यावर बोलणं चाललं होतं. मध्येच बाबांनी विचारलं, "त्या नॉट गिल्टीचा अर्थ तरी काय होता गं?"

मला कुठे जायची घाई नव्हती. मी म्हटलं, "बाबा, समजा एखादा मुलगा चुकून दुसऱ्याचं दप्तर घेऊन घरी गेला. तुम्ही त्याला चोर म्हणाल?"

"छे. चोर कसा? चुकून नेलं ना."

"तेवढंच म्हणायचं होतं. पिशवी आणली नाही, असं नाही. चोरी केली नाही. आणि केली असं म्हणणाऱ्याने ते दाखवावं."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"असं होय?" ते म्हणाले. "मग हे मी म्हटलं असतं की."