गुळगुळीत काठांचं वजन

चंदना आज पुन्हा बोटीवर झोपली असेल. त्या बोटीखालचं वजन चिखलात घट्ट बसलंय की हळूहळू घसरतंय, हे मला इथे साताऱ्यात तिच्या खोलीवर बसून कळायला मार्ग नाही. कोयनेच्या काठी, बामणोलीच्या त्या कोपऱ्यात रेंज येत नाही. काठावरच्या टेकाडावर चढून ती संध्याकाळी एक फोन करते, "जेवले, झोपते," एवढं सांगते. आजही तेवढंच म्हणाली. तेव्हापासून मी कूस बदलतेय.

चंदना माझी मोठी मुलगी. वय एकतीस. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत हिशेबाचं काम करते आणि शनिवार-रविवार कोयनेच्या पाण्यावर असते. तिची शिडाची छोटी बोट आहे, आत दोन माणसं झोपतील एवढी केबिन असलेली. अलिबागकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून तिने ती जुनीच घेतली आणि ट्रकवर घालून घाट चढवून आणली. स्थळं सांगायला येणारे पाहुणे आधी "मुलगी काय करते" विचारतात आणि मग बोटीचं ऐकून चहा पिऊन जातात. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता त्या वाईट वाटण्याचाही कंटाळा आला आहे.

हे वेड तिला दिलं तिच्या आप्पांनीच. आप्पा म्हणजे माझे यजमान, बाहुबली पाटील. सांगलीला कृष्णेवर होड्यांच्या शर्यती असल्या की ते लहानग्या चंदनाला खांद्यावर घेऊन आयर्विन पुलावर उभे राहायचे. खाली वल्ही एका तालात पडायची आणि वर ही पोर त्यांचे केस धरून ओरडायची. घरी आल्यावर आप्पांच्या डोक्यावरचे उपटलेले केस मी मोजू शकले असते. पण नदीवरची होडी त्यांनी लांबूनच पाहिली. होडी थांबवायची कशी, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

तो पडला मागच्या दिवाळीनंतर, कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये. आप्पा तिथे ट्रॉलीचे सांगाडे, गेट, शेतीची अवजारं बनवतात. आमचा मळाही आहे, पण त्यांचा जीव लोखंडात. चंदना मोबाइलवर बोटीच्या नांगरांचे फोटो घेऊन आली होती. चार हुकांचा, दोन पात्यांचा, एका टोकदार फाळाचा. तिने महिनाभर वाचून काढलं होतं. बोट केवढी, वारा किती, तळाशी चिखल की खडक, दोरी खोलीच्या किती पट सोडायची, सगळं. मीही त्या दिवशी डबा घेऊन तिथेच होते.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पहिला फोटो पाहिला.

"हे काय गं? मासं धरायचा गळ हाय व्हय?"

"गळ कसला आप्पा, नांगर हाय. तळात रुततो, मग बोट जागची हलत न्हाई. आमच्या तिथं खाली चिखल हाय, त्यामुळं मला हा फाळाचा पायजे."

"रुततो म्हंजे खालचा चिखल उकरतो की."

"व्हय. उकरल्याबिगर धरंल कसा?"

"त्या चिखलात जीव असत्यात."

चंदना हसली. "आणि आपल्या मळ्यात टॅक्टर काय वरच्या वर तरंगतो का? तिथं न्हाईत जीव?"

मला वाटलं, आता आप्पा चिडणार. ते चिडले नाहीत. हातातलं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं.

"शेत पोटासाठी हाय. तिथं जे मरतं त्याची रोज क्षमा मागतो आपण. तुझी बोट हौसंची. हौसंपायी एक बी जीव मारायचा न्हाई. एवढं तरी पाळूया."

आम्हा जैनांत याला अनर्थदंड म्हणतात, म्हणजे गरज नसताना केलेली हिंसा. चंदनाने हा शब्द लहानपणी पाठशाळेत पाठ केलेला. माझ्या सासूबाई, आक्काताई, कोपऱ्यात खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाहुबल्या, पोरगी वाऱ्यानं उडून गेली तर मग? ती काय जीव न्हाई व्हय?"

"आवं आई, उडती कशाला? मी देतो की करून. असं वजन देतो, हत्ती बांधला तरी हलणार न्हाई."

आणि त्यांनी केलं. ओळखीच्या भट्टीतून बिडाचा एक गोल गोळा ओतून आणला, खालून सपाट, वर कडी. काठ धारदार होते, ते ग्राइंडरवर घासत बसले. कामगार म्हणाले, "मालक, पाण्यात कोण बघतंय?" तरी घासत राहिले. तळाला टेकताना कुणी कापलं जाऊ नये म्हणून. मग काठावरून हाताचं बोट फिरवून मला दाखवलं, "बघ, लहान पोराच्या हातात दिलं तरी लागणार न्हाई."

बाकीच्या सामानात त्यांनी कसर ठेवली नाही, हेही सांगायला हवं. साखळीची कडी न् कडी तपासली. साखळी जोडणाऱ्या शॅकलची खीळ फिरून निघू नये म्हणून ती तारेने आवळली. पाणी चढलं-उतरलं तरी पुरेल एवढी दोरी दिली, आणि जिथे दोरी बोटीच्या काठाला घासते तिथे जुना रबरी पाइप चढवून दिला. चंदनाने हे सगळं पाहिलं आणि "फाळाचा पाहिजे" हा शब्द पुन्हा काढला नाही. वजन जीपमध्ये चढवताना आप्पा तिला म्हणाले, "आता निवांत झोप." ती त्यांच्या पाया पडली. आमच्याकडे सणाशिवाय कुणी पाया पडत नाही.

हिवाळाभर काही झालं नाही. वारा नव्हता. आप्पा महिन्यातून एकदा सांगलीहून जायचे, बोटीवर चढायचे, साखळीला हात लावून बघायचे आणि समाधानाने परत यायचे. मेमध्ये मात्र धरणाचं पाणी खाली जातं, लाल मातीचा उतार उघडा पडतो, आणि दुपारी डोंगरावरून वळवाचा वारा सुटतो.

मेमध्येच मी साताऱ्याला तिच्याकडे राहायला आले, आणि एका रविवारी बोटीवर होते. चंदनाने आग्रहाने नेलं होतं. डबा खाऊन मी केबिनमध्ये आडवी झाले होते. बोट एकदम तिरकी फिरली आणि डबे घरंगळले. वर आले तर काठावरचं जे झाड माझ्या उजवीकडे होतं ते पार मागे गेलेलं. दोरी ताठ होती, साखळी शाबूत होती, काहीही तुटलं नव्हतं. खालचा गोळा त्या बुडालेल्या उतारावरून साबणावरून घसरावा तसा घसरत होता. समोर खडक दिसत होते.

चंदना इंजिनाची दोरी ओढत होती. इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. माझ्या तोंडून णमोकार मंत्र आपोआप सुरू झाला. "आई, मोठ्यानं म्हण, पण खाली बस!" ती ओरडली. शेवटी टुरिस्ट नेणारा धनाजी त्याची लाँच घेऊन आला, त्याने आमची दोरी धरली आणि ओढत काठाला नेलं.

"ताई, वजन लय भारी दिसतंय की," दोरी सोडवताना तो म्हणाला. "मग पळालं कसं?"

"गुळगुळीत हाय ना," चंदना म्हणाली. "धरायला त्याला दातच न्हाईत."

"मग दात बसवा की!"

ती हसली. धनाजी गेल्यावर मात्र ओल्या पायऱ्यांवर बसली आणि माझा हात धरला. "आई, हे आप्पांना सांगायचं न्हाई. शपथ घे."

"अगं, पण दुसरा नांगर तरी आण. तुला पाहिजे होता तो."

"ते महिन्याला येऊन हात लावून बघतात. आपलं काढून मी बाजारातलं टाकलं हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळंल. त्यांनी ते काठ कसे घासलेत ते तू बघितलंस ना? मी न्हाई काढणार. जूनमध्ये बोट वर घ्यायचीच हाय. तेवढे दिवस मी संभाळते."

संभाळते म्हणजे काय, ते मला पुढच्या शुक्रवारी कळलं. आठवड्यात धनाजी बोटीवर नजर ठेवतो. वारा सुटला तर लगेच उठता यावं म्हणून आता ती शुक्रवारी संध्याकाळीच जाते आणि बोटीतच झोपते. एका हाताला दोरी गुंडाळून. म्हणजे जी गोष्ट तिने निवांत झोपावं म्हणून आप्पांनी केली, तिची राखण आता ती जागून करते. आणि तिकडे आप्पा शेजाऱ्यांना सांगतात, "पोरगीच्या बोटीचं वजन मी केलंय. हलत न्हाई."

मी शपथ पाळली आहे. सांगलीला रोज फोन होतो. आप्पा विचारतात, "चंदीची बोट बरी हाय?" मी म्हणते, "बरी हाय." हे दोन शब्द म्हणताना माझा जीव थकून जातो. दोघंही एकमेकांना जपतायत. मधल्या मधे एक पोर पाण्यावर जागी आहे.

आज दुपारी इथे साताऱ्यातही पत्रे वाजले. उद्या आणखी वारा आहे म्हणतात. मी किती वेळ विचार करतेय की आप्पांना सांगितलं तर काय होईल. त्यांना लागेल. दोन-चार दिवस जेवणात लक्ष लागणार नाही. चंदना माझ्याशी बोलायची नाही. पण आप्पा लोखंडाचे माणूस आहेत. घसरतंय हे कळलं की ते काही तरी करतील, स्वतःच्या हाताने करतील. आणि त्यांनीच केलेलं असेल तर चंदना ते पाण्यात सोडेल. त्याला दात बसवायचे की आणखी काही, किती जीव मरतात आणि कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मला ते ठरवता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते न कळता ठरलेलं नसावं.

आप्पा झोपले असतील. पहाटे उठून अंघोळ करून देवळात अभिषेकाला जातील, तिथून परस्पर वर्कशॉपला. सकाळपर्यंत थांबले तर उजेडात मला धीर येईल, सगळं बरं आहे असं वाटेल, आणि मी पुन्हा "बरी हाय" म्हणेन. मला माझी सवय माहीत आहे. म्हणून आत्ताच फोन लावते. उचलल्यावर पहिलं वाक्य "चंदना बरी आहे" हेच म्हणायचं, म्हणजे ते घाबरायचे नाहीत. आणि दुसरं, तुमचं वजन घसरलंय.