बैलगाडीतून आलेलं गाव

गडमुडशिंगीच्या पुढं एका शेताच्या बांधावर, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून मी उभा होतो. शेजारी रस्त्याचा इंजिनिअर, मागं जेसीबी. माझी सही झाली की काम सुरू.

माझं काम म्हणजे जमिनीखाली जुन्या वस्तीचे अवशेष कुठं असतील, ते खोदायच्या आधीच नकाशावर रंगवायचं. लाल म्हणजे हात लावू नका, हिरवा म्हणजे खुशाल खोदा. शिवाय हजारो वर्षांपूर्वीची माणसं कुठल्या वाटेनं गेली असतील, तीही रेघ ओढायची. ती सॉफ्टवेअर काढतं. आम्ही कौतुकानं बघतो.

या शेतात रंगीत खापरं आणि नखाएवढ्या दगडी पात्या ढिगानं मिळाल्या होत्या. मी शेत लाल केलं. शेजारच्या टेकाडावर घाणेरीची काटेरी झुडपं माजली होती, म्हणून ते लांबूनच हिरवं केलं. शाहूपुरीतल्या ऑफिसात आमच्या वरिष्ठ मॅडमनी विचारलं होतं, "चाचणीखड्डा घेतला?"

"मॅडम, वरच एवढं आहे, तर खाली काय असेल!"

एवढा आत्मविश्वास मला लग्नातही नव्हता. माझ्या लाल रंगाला मान देऊन रस्ता टेकाडावरून वळवला गेला.

शेताचे मालक बाळगोंडा अण्णा काठी टेकत आले. "पावणं, माझं रान लाल कशापायी?"

"अण्णा, इथं फार जुनं गाव होतं. ही खापरं बघा."

"ती व्हय? ती माझ्या आज्जानं गाडीनं आणल्यात की!"

"कुठून?"

काठी टेकाडाकडं वळली. "पांढरीची माती हाय ती. जुन्या वस्तीची राख, शेण मुरल्यालं. रानात टाकली की जोंधळा डोक्याच्या वर जायचा."

म्हणजे गाव टेकाडात होतं, आणि मी जेसीबीला तिथंच पाठवत होतो.

"अण्णा, हे मी लिहिलं तर रस्ता पुन्हा तुमच्या शेतातनं जाईल."

"कळतंय की! येडा न्हाय मी. पर ज्या पांढरीनं चार पिढ्या पोसल्या, तिच्यावर डांबर घालू व्हय?"

मी नकाशाची घडी घातली. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. मॅडमना फोन केला, "मॅडम, गाव सापडलं. मीच हिरवं केलं होतं."

त्या म्हणाल्या, "आता तरी खड्डा घ्या."

घेतला. टेकाडावर हातभर खाली चोपलेली जमीन आणि चूल निघाली. शेतातल्या खड्ड्यात नुसती काळी माती. रस्त्यानं अण्णांच्या रानाची एक कड घेतली. अण्णा एका शब्दानंही कुरकुरले नाहीत. गाव खऱ्या जागी ठेवल्यावर सॉफ्टवेअरनं जुनी वाट नव्यानं काढली. ती टेकाडापासून ओढ्यापर्यंत गेली. अण्णांची म्हैस रोज त्याच वाटेनं पाण्यावर जाते.

तेव्हापासून रंग भरण्याआधी मी विचारतो, ही माती इथलीच, की कुणी आणलेली? आणि घाणेरीत शिरतो. ओरखडे येतात, पण ते नकाशावर दिसत नाहीत.