पाणी न पिणारा केस

माझ्या पोटच्या मुलीची वेणी मी कधी घातली नाही. ती घातली माझ्या थोरल्या जावेनं, पोर तीन वर्षांची असल्यापासून. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कारण होतं माझा धंदा. निपाणीत नवरा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. तेवढ्यात भागेना, म्हणून मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेतली आणि खेड्यापाड्यांतून फिरू लागले. विंचरताना निघालेली गुंतवळ बायका भिंतीच्या फटीत, पत्र्याखाली खोचून ठेवतात. ती घ्यायची आणि बदल्यात वाटी, तांब्या, पातेलं द्यायचं. आज माझं स्वतःचं गोदाम आहे, केस निवडायला बायका बसतात. पण जावेनं त्या वेळी घरात नियम लावला तो लावला: परक्यांच्या केसांना लागलेला हात लेकराच्या डोक्याला लागायचा नाही. साबणानं कोपरापर्यंत धुतला तरी नाही. सासूनं मान डोलावली, नवरा गप्प बसला. एका पातेल्यासाठी तासभर हुज्जत घालणारी मी, तिथं मात्र मुकाट्यानं हरले. दिवसभर लेकीला सांभाळणारी जाऊच होती, मी कुणाच्या जोरावर भांडणार?

धंद्यानं मला जे शिकवलं ते असं. भांडं ठरवण्याआधी मी बाईकडं तांब्याभर पाणी मागायची. तिला वाटायचं, हिला तहान लागली. मी गुंतवळीतले चार केस साबणानं धुऊन त्या पाण्यात सोडायची. न धुता सोडले तर तेलकट केस तरंगतोच, आणि आपण फसतो. केसावर बारीक खवले असतात, कोवळ्या मक्याच्या कणसावरच्या पानांसारखे. ते घट्ट मिटलेले असले तर पाणी आत शिरत नाही, केस बराच वेळ वर राहतो. डायनं, इस्त्रीनं, उन्हानं ते उघडले असले तर केस घटाघट पाणी पितो आणि तळाला जातो. नुसत्या पाण्यावर मी विसंबत नसे. केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडं बोट ओढायची, खरखर लागली की खवले उघडे समजायचं. बुडणाऱ्या केसाला वाटी, तरंगणाऱ्याला तांब्या. बाया शिव्या घालायच्या, पण माझा अंदाज सहसा चुकत नसे.

आणि घरी काय चाललं होतं? जाऊ रोज सकाळी पोरीच्या डोक्यावर खोबरेल ओतायची. ते मुरायचं नाही, मानेवर, कपाळावर ओघळायचं. जाऊ म्हणायची, हिचं डोस्कं लई कोरडं हाय, अजून घाला. शाळेत पोरी तिला तेलाचा डबा म्हणायच्या. न्हाल्यावर तिचे केस दुपार कलली तरी ओले असायचे. हे सगळं मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. उंबऱ्यात.

मुलगी मोठी झाली, बेळगावजवळ मच्छेला एका कंपनीत लागली, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. तेलाचा तिला इतका वीट आला होता की बेळगावच्या एका पार्लरमध्ये जाऊन तिनं केस सरळ करून घेतले, मग रंगवले, मग पुन्हा सरळ केले. पार्लरवालीनं आधी तिचा केस एकदा तरी पारखून पाहिला असेल, तर मी धंदा सोडते. यंदा नागपंचमीला ती घरी आली तेव्हा उशीवर केसांचे तुकडे पडत होते. सुटलेले नव्हेत, मधेच तुटलेले. ती म्हणाली, उद्या सगळे कापून टाकणार, कानापर्यंत.

जाऊ स्वयंपाकघरात सणाची पुरणाची दिंडं वळत होती. मान वर न करता म्हणाली, "परक्या बायकांचं केस घरात येत्यात, त्येचं हे भोग. मी तवाच सांगितलतं."

मी काचेचा पेला घेतला, पाणी भरलं आणि ओट्यावर आपटला. मुलीनं डोक्यातला एक लांब केस उपटून दिला, तो मी धुतला, मधोमध तोडला आणि दोन्ही तुकडे पाण्यात सोडले. आम्ही तिघी बघत बसलो. टोकाकडचा तुकडा खाली गेला. मुळाकडचा दिंडं उकडून झाली तरी वरच होता.

मुलीनं मोबाईल काढला. "आई, ह्येला पोरॉसिटी म्हणत्यात गं. तुला कुठनं ठाऊक?"

"पाटी वाहून," मी म्हणाले. मग जावेकडं वळले. "आक्का, हा वरचा केस बघा. ह्यो तेल पीतच न्हाय. जन्मापासनं न्हाय. तुम्ही पंधरा वर्सं दगडावर तेल ओतलंसा."

तिनं दिंडं ताटात काढायला घेतली. मला हवं होतं तिनं बोलावं, भांडावं. मी सगळं तयार ठेवलं होतं. पण त्या पेल्याकडं बघता बघता माझा राग भलतीकडंच वळला. सगळ्या पंचक्रोशीतल्या बायकांचे केस मी पाण्यात सोडून पाहिले, आणि माझ्याच लेकीचा एक केस पेल्यात टाकायला मला आजचा दिवस उजाडला. घरच्यांनी डोक्याला हात लावू नको म्हटलं होतं. उशीवरचा केस उचलू नको असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग मी सौद्याला बसले. मुलगी म्हणाली, कानापर्यंत. मी म्हणाले, फक्त बुडणारा भाग. ती म्हणाली, खांद्यापर्यंत. मी वीत लावली, ती हसली, म्हणाली, आई मी काय गुंतवळ हाय व्हय? खांद्याखाली चार बोटांवर ठरलं. खाली थोडा पिणारा केस राहत होता. त्याला ओला असतानाच चार थेंब तेल, आणि इस्त्री बंद. मुळांना तेल नाही, कोमट पाणी, हलका शांपू आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटावर माझ्याकडं पाठ करून बसली. मी कात्री घेतली. मागून जावेचा आवाज आला, "हात धुतलास का?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि मुलीच्या केसांत बोटं घातली.