शेठजींची मान

सोयाबीनचा हर्रास बोलायचा, म्हणजे लिलावात एकेक ढीग विकायचा, हे माझं काम. हातातला भोंगा नावालाच; आवाज असा की 'एक' म्हटलं की पत्र्यावरची कबुतरं उडायची, 'दोन'ला व्यापारी पुढं सरकायचे आणि 'तीन'ला माल विकलेला. या आवाजाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

आमच्याकडं व्यापारी मान हलवून बोली लावतात. अपवाद एकच, म्हातारे शेठजी. त्यांची मान आजारानं सतत हलते, म्हणून त्यांची बोली बोटानं. ती मान मला दिसेनाशीच झाली होती, जसा घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो.

मग मला झोपेचा आजार जडला. भर हर्रासात, 'दोन' आणि 'तीन'च्या मध्ये, उभ्याउभ्या घोरलो. पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. बाजाराचे सचिव म्हणाले, "आता झोपले ना भाऊ, त मग घरीच झोपजा."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी जागं ठेवणारी गोळी दिली. झोप पळाली आणि सगळं जग अंगावर आलं. नालवाडीच्या घरी बायको विचारायची, "काऊन असे भिंतीकडं पाहून राह्यले?"

"पाल श्वास घेऊन राह्यली," मी म्हणायचो.

आणि बाजारात शेठजींची मान दिसली. जणू पहिल्यांदाच. ती हलली, मी 'तीन' म्हटलं. पुढच्या ढिगालाही हलली, तोही त्यांनाच देऊन टाकला.

"अबे, मी कवा बोली लावली?" शेठजी म्हणाले. "माही मान त लग्नाआधीपासून हालून राह्यली. तुले आज दिसली काय?"

"आज दिसली, शेठजी."

दोन्ही सौदे मोडले. पुन्हा बोली झाली तेव्हा भाव पडला, शेतकरी माझ्या अंगावर आले. सचिवांनी सोमवारची शेवटची संधी दिली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जे रोज दिसतं आणि ज्यातून काही घडत नाही, ते सोडून द्यायला मेंदूतला खोलवरचा एक भाग शिकतो. गोळीमुळं आत एक रसायन वाढतं आणि सोडलेलं पुन्हा मोलाचं वाटू लागतं.

"गोळी बंद केली तर मान दिसायची थांबेल?"

त्या म्हणाल्या, "आता त्या मानेतून काहीतरी घडलंय ना. ते मेंदू सहजी सोडत नाही."

मी शेठजींच्या दुकानी गेलो. हात जोडून म्हटलं, "सोमवारी येऊ नका."

"मी नाई आलो त माल काय तू घेशीन?"

सोमवारी गोळी न घेता उभा राहिलो. एक. दोन. शेठजींची मान हलली आणि 'तीन' घशातच अडकलं. कोणाची मान खरी, कोणाची आजाराची, मला ठरवता येईना. प्रत्येक ढिगाला तेच. "बोल ना बे, माल वाळून राह्यला," मागून कोणी ओरडलं. अखेर सचिवांनी माझ्या हातातला भोंगा काढून घेतला, फार हळूच, मुलाच्या हातून कप घ्यावा तसा.

मी पोत्यांवर जाऊन बसलो. शेठजी येऊन शेजारी टेकले.

"झोप येऊन राह्यली काय?"

"नाई, शेठजी."

त्यांची मान हलत होती. मी टक्क जागा होतो, आणि पलीकडं दुसरंच कोणीतरी 'तीन' म्हणत होतं.