एका नंबरावर अकरा आजी

ती केस मी आजही विसरलेलो नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी त्या एका दिवसाइतकी धास्ती मी सबंध नोकरीत क्वचितच घेतली असेल.

लोअर परळ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. निराधार पेन्शन देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून एक पत्र आलं. त्यांच्या नव्या संगणक प्रणालीला अकरा वृद्ध महिलांच्या अर्जांवर एकच मोबाइल नंबर सापडला होता. बोगस लाभार्थी असाव्यात, या संशयावरून अकराही जणींची पेन्शन आपोआप थांबली होती. नंबर होता डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या, एका हॉस्पिटलात कंत्राटावर आयाचं काम करणाऱ्या बाईंचा. त्यांना इथे ताई म्हणतो. त्यातच आमचा खबऱ्या सांगत आला की म्हाताऱ्यांची पासबुकं या बाईच्याच घरात असतात.

पत्र आणि खबर अशी जुळली की पोलिसाला दुसरं काही सुचत नाही. मलाही सुचलं नाही. ताई कामावर निघायच्या वेळी दोन महिला शिपाई पाठवून त्यांना ठाण्यात आणलं. सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. नोटीस देऊन बोलावलं असतं तरी त्या आल्या असत्या, हे आज कळतं.

पंचांसमक्ष झडती घेतली. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा पासबुकं निघाली. मोबाइलमध्ये ओटीपीचे मेसेजच मेसेज. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे पोस्टर ठाण्याच्या भिंतीवर मीच लावून घेतलं होतं. त्याच्याच खाली ताईंना बसवलं होतं.

तासाभरात मी पासबुकांबद्दलचे तेच प्रश्न चार वेळा फिरवून विचारले. ताईंचं उत्तर एकच, की म्हाताऱ्यांच्या घरी उंदीर आहेत, विसरभोळेपणा आहे, म्हणून त्या पासबुकं विश्वासाने ताईंकडे ठेवतात. खोटं बोलणारा माणूस दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव. ही बाई शब्दही बदलत नव्हती. त्यामुळे माझीच चुळबुळ वाढली.

शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, गुन्हा लिहिलात तर उद्या मला गेटवरूनच परत पाठवतील. खरं काय नि खोटं काय, कंत्राटदार विचारत बसत नाही."

तिकडे वरिष्ठांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा म्हणून. मी एका हवालदाराला बँकेत पिटाळलं. तो परत आला तो तोंड पाडून. प्रत्येक म्हातारी दर वेळी स्वतःच्या पायाने येऊन, स्वतःचा अंगठा देऊन पैसे घेऊन गेली होती. मग नंबर एकच का? माझं डोकं चालेना. चहा पुढ्यात गार झाला.

दुपारी अकराही आजी एकमेकींचा हात धरत ठाण्यात आल्या. ताईला सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी जबाब. सगळ्यांत थोरल्या, मालवणकडच्या आजी पुढे बसल्या. नाव, वय, पत्ता झाला. लिहून घेणाऱ्या तरुण शिपायाने मोबाइल नंबर विचारला.

"माका खंयचो मोबाइल? ताईचो लिवा, आणि फुडे पीपी घाला."

शिपायाने विचारलं, पीपी म्हणजे काय? त्याला कळणार कसं? पण मी कपाळावर हात मारला. चाळीत एकाच्याच घरी फोन असायचा, तेव्हा सगळे तोच नंबर देत आणि कंसात पीपी लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, आम्हाला हाक मारून बोलवा. माझ्या पोलीस भरतीच्या अर्जावरही खालच्या वाण्याचा नंबर पीपी म्हणून होता. कागदावर तसं लिहिता यायचं. नव्या अर्जातल्या चौकटीत फक्त दहा आकडे बसत होते. त्या आजींनी काहीच लपवलं नव्हतं, सांगायला जागाच नव्हती. हे मला सकाळीच कळायला हवं होतं. लाज वाटली, अजून वाटते.

गुन्हा नोंदला नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि कार्यालयाला सविस्तर अहवाल पाठवला. त्यांच्याकडची एक तरुण अधिकारी बाई मात्र कामाची निघाली. ती दोन दिवस चाळीच्या गॅलरीत बसून आजी अर्ज कशा भरतात ते नुसतं बघत राहिली. मग अर्जात नवा रकाना आला: नंबर स्वतःचा की शेजाऱ्याचा, शेजाऱ्याचं नाव काय, त्याची संमती आहे का. थांबलेली पेन्शन सुरू करायला ती पुन्हा आली, तेव्हा मीही गेलो. ताईंची संमती घ्यायची होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, "माझा नंबर आता नको. एकदा बसले ना तुमच्या बाकड्यावर."

दहा जणींनी कुठून कुठून भाचे, पुतणे शोधले. मालवणच्या आजींना कोणीच नव्हतं. मी माझा नंबर लिहायला सांगितला आणि संमतीची सही केली.

यंत्राला आलेली शंका खोडता येते. माणसाच्या दारात पोलीस उभे केले की ते खोडता येत नाही, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. आता मालवणच्या आजींची पेन्शन जमा झाल्याचा मेसेज मला येतो, आणि त्यांच्याकडे फोन नसल्याने सांगायला मी दादरच्या माझ्या घरून चाळीपर्यंत चालत जातो. मेसेजला दोन दिवस उशीर झाला की जीव टांगणीला लागतो. आजींचं काही झालं असेल ही एक भीती. आणि माझ्या नंबरावर कोणी संशय घेतला असेल, ही दुसरी.