खंडेनवमीचं नाणं

ये गं, इकडं सरक जरा. उंबऱ्यावर उभ्याउभ्या पाणी पितीस आणि जाता जाता विचारतीस, आजी, तू चुलत आजोबांशी बोलत का नाहीस? असलं काय पायात चपला घालून ऐकायचं असतं का? आता लिहूनच देते. वाचताना तरी बूड टेकव.

ते चुलत आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर. सेलूच्या ज्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी बारा हंगाम काढले, तिथं ते मिस्त्री. मी आधी झाडलोटीला होते, मग क्लीनरवर. क्लीनर म्हणजे शेतातून आलेल्या कापसातली पाती, काड्या, माती झटकणारं मशीन. आत काट्यांचे रूळ गरगर फिरतात, बाजूला लोखंडी झाकण. कापूस तुंबला की झाकण उघडायचं, मशीन आपोआप थांबायचं, हातानं बोळा ओढायचा, झाकण लावायचं.

ते आपोआप कसं थांबतं, हा किडा माझ्या डोक्यात पहिल्याच हंगामात शिरला. झाकणाच्या चौकटीत अंगठ्याएवढी एक नळी बसवलेली. तिचं तोंड निळं, मागं बारका दिवा. झाकण लागलं की दिवा लागायचा, उघडलं की विझायचा. मी दिरांना विचारलं, "भावजी, झाकण तर ह्याला टेकत बी न्हाई. मग लागल्यालं कळतं कसं?"

"वहिनी, तुमी झाडू मारा. चौथी शिकलेल्या बाईनं सेन्सरच्या नादी लागू नये."

"तुमी तरी कुठं बालिस्टर हाव वो?"

बाया खदखदून हसल्या. तेव्हापासून त्यांनी डूख धरला, आणि खरं सांगते, मीही धरला.

मग मोबाइलवर मराठीत शिकवणारा एक मास्तर मला सापडला. भाकरी खाता खाता बघायची, न कळलेलं पुन्हा बघायची. कळलं ते असं. नळीच्या निळ्या तोंडामागं तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज सेकंदाला लाखो वेळा पुढं-मागं हेलकावते. त्यानं तोंडापुढं चुंबकाचा पट्टा तयार होतो, आपल्याला दिसत नाही. त्यात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात. ते भोवरे वेटोळ्याची ताकद खातात, हेलकावा मंदावतो, आणि आतलं सर्किट समजून घेतं, आला धातू. एवढंच. नजर चार-पाच मिलीमीटरची. लोखंड जरा लांबून कळतं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम अगदी जवळ आल्यावर. कापूस, धूळ, तेल, लाकूड त्याला कळतच नाही. म्हणून तर जिनिंगात हेच लावतात. उजेडावर चालणारा सेन्सर उडत्या कापसानं घडीभरात आंधळा होतो. कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचं दार लागलं का, हेही हीच नळी सांगते. फिरत्या दात्यांपुढं बसवली तर दाते मोजून रुळाची चाल सांगते, रूळ अडकला तर मोटर बंद करते.

हे सगळं मी बायांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. आमच्या शेजारी चारठाण्याकडची एक बाई राहायला आली होती. मेंढरं विकून सेलूत आलेली, मशीनला लय भ्यायची. मीच तिला कामावर लावली. मीच म्हणलं, "झाकण उघडलं की थांबतंय ते. बिनघोर हात घाल."

आता खंडेनवमीचं ऐक. त्या दिवशी मशीनं धुवायची, हार घालायचे, हळदकुंकू लावायचं, आणि प्रत्येक मशीनला ओल्या गुळानं एक रुपया चिकटवायचा. पूजेचं नाणं कुणी काढत नाही, आपसूक गळून पडंल तेव्हा पडंल. त्या वर्षी मालकीणबाई आल्या नाहीत, म्हणून ताट माझ्याकडं आलं. क्लीनर सगळा तेलकट. रुपया कुठंच टिकंना. झाकण उघडं होतं, तिथं ते निळं तोंड तेवढं कोरडं, गोल, रुपयाला अगदी बेताचं. चिकटवला. मागचा दिवा लागला. बायांनी हात जोडले, आणि मीही जोडले. देवानं पूजा घेतली असं वाटलं मला! मोबाइलवर शिकलेलं सगळं डोकं मी त्या ताटापाशी बाजूला ठेवलं होतं.

दीर तिथंच उभे होते. बघितलं, आणि गप्प बसले. आधी झाकण जरा ढिलं झालं तरी मशीन बंद पडायचं, दिवसातनं दहादा त्यांना पळत यावं लागायचं. आता थांबायचं नावच नाही. "पूजा पावली," म्हणत ते मिशीला पीळ देत फिरायचे.

चौथ्या दिवशी दुपारी त्याच क्लीनरवर चारठाण्याच्या त्या बाईकडं कापूस तुंबला. तिनं झाकण उघडलं. आजूबाजूला चार मशीनं धडधडायलेली, त्यात हे थांबलं नाही ते ऐकू कसं येणार? बोळ्याआड काटे दिसत नव्हते. तिनं हात घातला. "काकू!" अशी ओरडली की अजून माझ्या कानात आहे. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, चालू मशीनचं झाकण उघडलं, तिचाच कसूर, आता कामावर घेणार नाही. दीर बाजूला मान डोलवत होते. "म्या सेन्सर तपासलाय मालक. एकदम चांगला हाय."

मी क्लीनरपाशी गेले. रुपया नव्हता. निळ्या तोंडावर कुंकवाचा लाल डाग होता आणि गुळाला मुंग्या लागल्या होत्या. मग मी मालकांना हाक मारली, मोटरचा खटका पाडायला लावला, सेन्सरची वीज तेवढी चालू ठेवली. झाकण उघडंच होतं. नळीपुढं कापूस धरला, दिवा लागला नाही. हात धरला, तरी नाही. कमरेची पिशवी सोडून रुपया धरला. लागला.

"मालक, झाकण उघडं हाय आन् हे म्हणतंय लागलंय. पूजेचा रुपया हितंच चिकटवला व्हता."

"नाणं कुणी लावलं तिथं?"

"म्या."

दीर उसळलेच. "बघा! म्हणलो व्हतो का न्हाई? हिला काय कळत न्हाई!"

"लावलं म्या. काढलं कुणी? तुमाला पयल्या दिवशीच दिसलं व्हतं भावजी. पळायचं वाचलं म्हणून गोड वाटलं."

"पूजेचं नाणं म्या कसं काढणार? पाप लागलं असतं."

"मग तिचं रगत पुसताना कसं काढलं? तवा न्हाई लागलं पाप?"

मालकांनी तिचा कसूर नाही असं लिहून दिलं, आणि हात बरा झाल्यावर तिला गाठींवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला घेतलं. आता क्लीनरला वेगळा सेन्सर आहे. झाकणात त्याच्या जोडीचा तुकडा असल्याशिवाय तो मानतच नाही, नाणं दाखवा नाहीतर तवा दाखवा. मी मात्र दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. दीर अजून तिथं मिस्त्रीच आहेत. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो, मी दारातूनच परत धाडते. माझी चूक मी चारचौघांत बोलले. त्यांच्या चुकीबद्दल ते आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत, तिच्याशी तर नाहीच. त्यांच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि वय झालं म्हणून मी नरमणारही नाही.

दर रविवारी मी तिची वेणी घालते. एका हातानं पेड धरला की दुसऱ्या हातातनं सुटतो तिच्या. तिनं मला एकदाच बोलून दाखवलं, "काकू, तुमीच म्हणला व्हता, थांबतंय म्हणून." मी कंगवा फिरवत राहिले. हल्ली माझीच बोटं थरथरतात, पेड सैल पडतात, ती काही म्हणत नाही. तू ये गं. ह्याच रविवारी ये, मुक्कामाला ये. तिची वेणी घट्ट घालून देणारं कुणीतरी पाहिजे.