लाँड्रीतला भोंगा

माझ्या मामेबहिणीला घरात कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून भोंगा. ती परसात बोलायला लागली की पुढच्या दारातला कुत्रा उठून जागा बदलायचा.

हीच बाई परदेशात भाषा शिकायला गेली. इथं ती दवाखान्यात आया होती. तिथली भाषा आली की म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची पक्की नोकरी मिळते, हे तिनं दहा जणांना विचारून घेतलं होतं. साठवलेलं सगळं पहिल्या वर्गाच्या फीत गेलं. पुढची फी तिथंच कमवायची. शिकणाऱ्यांना आठवड्याला ठरावीकच तास काम करता येतं, तेव्हा तास वाढवायची सोय नाही. ज्या कामाला तासाला जास्त मिळतं, तेच धरायचं.

ते मिळालं हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका लाँड्रीत. तळघरात. उकाडा असा की माणूस टिकत नाही, म्हणून पैसे बरे. मुकादमबाई आपल्याच भाषेची निघाली. सगळे तिला मावशी म्हणत.

"इथं तोंडाचं काम नाही, हाताचं आहे," मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

खरंच होतं ते. यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकूच येत नसे, सगळा कारभार खुणांवर. तळहात गालाखाली धरला की उशीचे अभ्रे. मान पुसल्यासारखं केलं की टॉवेल. नाक चिमटीत धरलं की डागाळलेली चादर, वेगळी टाक. तळहात समोर उभा धरला की यंत्र बंद. भोंगा आठवड्यात तरबेज झाली.

सकाळी शाळा, दुपारपासून लाँड्री. लेखी परीक्षेत ती उत्तम पास झाली. तोंडी परीक्षेला परीक्षक बाईंनी विचारलं, "काल दिवसभर काय केलंत?" प्रश्न कळला. शब्दही डोक्यात रांगेनं उभे होते. पण तोंड उघडायच्या आधी तिचा हात गालाखाली गेला.

बाई समजुतीनं म्हणाल्या, "झोप आली असेल तर पाणी पिऊन या."

नापास. फेरपरीक्षा एकदाच. तीही गेली तर तोच वर्ग, तीच फी पुन्हा, आणि तेवढे पैसे तिच्याकडेही नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. म्हणजे बोचकं बांधून घरी.

"दादा, मला गप्प राहायची सवय लागली," फोनवर म्हणाली.

"तुला? घरी सांगितलं तर मलाच खोटं पाडतील."

"हसू नकोस. शब्द येतात रे. तोंड उघडत नाही."

लाँड्रीला वर रस्त्याच्या बाजूला एक खिडकी होती. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे घ्यायचे, धुतलेले द्यायचे. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, म्हणून पैसे कमी. तिथला माणूस काम सोडून चालला होता. संध्याकाळी यंत्रं थांबल्यावर भोंग्यानं ती जागा मागितली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मावशी म्हणाली. "फी कशातून भरशील, गप्पांतून?"

"नापास झाले तर फीचा प्रश्नच मिटला, मावशी."

मावशीनं हातातल्या चादरीच्या कडा जुळवल्या. मग म्हणाली, "मी इथं आले तेव्हा लेक कडेवर होता. आता त्याला मिशा फुटल्या. अजून डॉक्टरकडे त्याला घेऊन जाते. मला कुठं दुखतं ते तो सांगतो. बाईची सगळी दुखणी काय लेकाला सांगायची असतात?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याला खिडकी मिळाली. वर मावशीच्या घरात एक कोपराही मिळाला, आधीच्या खोलीच्या निम्म्या भाड्यात. अट एकच, घरात आपली भाषा बोलायची नाही. "माझ्या भाजीला नावं ठेवायची असली तर मात्र मराठीत ठेव. परक्या भाषेत मला सहन होणार नाही."

खिडकीवर पहिल्याच आठवड्यात एक उंच गिऱ्हाईक कोट घेऊन भांडायला आलं. बटण तुमच्याकडे तुटलं म्हणे. ते आणलं तेव्हाच तुटलेलं होतं. भोंगा सांगायला गेली आणि बोटांनीच बटण दाखवत बसली.

"बोलता येतं असं कोणी आहे का आत?" त्यानं विचारलं.

हे मात्र तिला झोंबलं. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबले, त्यांच्यावर बसली आणि सुरू झाली. निम्मी वाक्यं मोडकी, पण एकही मध्ये थांबलं नाही. शेवटी गिऱ्हाइकानं कोट उचलला. "हळू बोला," म्हणालं, "मला ऐकू येतं."

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, मला कोणीतरी आवाज कमी कर म्हणालं." एवढी खूश ती नोकरी लागली तेव्हाही नव्हती.

फेरपरीक्षेलाही ती हातांवरच बसली. त्याच बाई, प्रश्न जवळपास तोच. तिनं कोटाची हकिकत सांगायला घेतली. गिऱ्हाईक झालं, बटण झालं, मावशीची भाजीसुद्धा त्यात आली. पुरे झालं, पास आहात, असं सांगायला बाईंनी तळहात समोर उभा धरला.

यंत्र बंद. खूण तिला बरोबर कळली. तरी हातातलं वाक्य तिनं आधी पुरं केलं.